सांघिक लीगच्या तक्त्यातले वैयक्तिक गुण कसे वाचायचे?

एका पालकाने विचारलेलं थोडक्यात असं आहे. जर्मनीच्या बुद्धिबळ बुंडेसलीगाच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च सांघिक लीगच्या, तक्त्यात एका संघाचा पहिल्या पटावरचा ग्रँडमास्टर आठ डावांत चार गुणांवर दिसतो आणि आठव्या पटावरचा, फारसं नाव न ऐकलेला खेळाडू आठ डावांत सहा गुणांवर. मग संघाला ते मोठं नाव हवंच कशाला? दर फेरीला संघातली माणसं का बदलतात? आणि तिसरा, घरचा प्रश्न: मुलीचं मानांकन संघात सर्वांत जास्त असताना कर्णधाराने तिला तिसऱ्या पटावर बसवलं, हा अन्याय नाही का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच संघाने अलीकडे जगापुढे ठेवलं आहे. सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडला, म्हणजे देशांच्या संघांच्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेला, भारताचा खुल्या गटातला संघ गेला, तेव्हा पाच जणांत सर्वांत जास्त मानांकन अर्जुन एरिगैसीचं होतं. तरी तो तिसऱ्या पटावर बसला. पहिल्यावर गुकेश, दुसऱ्यावर प्रज्ञानंद, चौथ्यावर आपला नाशिकचा विदित गुजराथी आणि राखीव म्हणून पेंटाला हरिकृष्ण. कर्णधार श्रीनाथ नारायणन. अर्जुनने तिसऱ्या पटावर अकराच्या अकरा डाव खेळून 10 गुण केले, नऊ विजय आणि दोन बरोबऱ्या. भारताने 22 पैकी 21 सांघिक गुण (लढत जिंकली की दोन, बरोबरीला एक) घेऊन सुवर्ण जिंकलं.

हा क्रम का फळला? लढतीत आपला पहिला पट समोरच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी खेळतो, आणि पहिल्या पटावर बहुतेक देशांचा सर्वांत भक्कम माणूस असतो. तिथे जिंकणं अवघड आणि बरोबरीचं प्रमाण मोठं. तिसऱ्या-चौथ्या पटावर आला की समोरच्या बहुतेक संघांची ताकद घसरते. चार तुल्यबळ खेळाडू उभे करणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे तुम्ही असा माणूस बसवलात जो पांढऱ्या-काळ्या दोन्ही मोहऱ्यांनी डाव जिंकायलाच बसतो, बरोबरीचा कंटाळा करतो, तर जवळजवळ प्रत्येक लढतीत एक गुण हाताशी धरूनच तुम्ही खेळता. अर्जुन नेमका तसा खेळाडू आहे. म्हणून तुमच्या मुलीच्या कर्णधाराला आधी विचारा की तिसऱ्या पटाकडून त्याची अपेक्षा काय आहे. ‘मला तिथून विजय हवे आहेत’ असं उत्तर आलं, तर तो विश्वास आहे. ‘वरचे दोघे सीनिअर आहेत’ एवढंच उत्तर आलं, तर मात्र नाराज होण्याचा तुम्हाला हक्क आहे. क्लबच्या संघात वयाच्या मानाने पट वाटण्याची पद्धत मी फार पाहिली आहे आणि ती मला अजिबात पटत नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. काही लीगांमध्ये मानांकनातला फरक ठराविक मर्यादेपलीकडे असेल तर जास्त मानांकनाचा खेळाडू कमी मानांकनाच्या खाली बसवता येत नाही. प्रत्येक लीगची नियमावली वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या स्पर्धेचा नियम इथे लावू नका.

आता गुणांकडे. त्याच ऑलिंपियाडमध्ये गुकेशने पहिल्या पटावर 10 डावांत 9 गुण केले आणि अर्जुनने तिसऱ्यावर 11 डावांत 10. टक्केवारी पाहिली तर अर्जुन केसभर पुढे. पण परफॉर्मन्स रेटिंग, म्हणजे त्या एका स्पर्धेतला खेळ किती मानांकनाच्या तोडीचा होता तो आकडा, गुकेशचं 3056 आणि अर्जुनचं 2968 निघालं. कारण एकच, गुकेशसमोर बसलेले प्रतिस्पर्धी अधिक वरच्या मानांकनाचे होते. ऑलिंपियाडची वैयक्तिक पटांची पदकं गुणांवर नव्हे तर या परफॉर्मन्स रेटिंगवर ठरतात, आणि त्यासाठी किमान आठ डाव खेळलेले असावे लागतात. दोघांनाही आपापल्या पटाचं सुवर्ण मिळालं.

हाच हिशेब तुमच्या बुंडेसलीगाच्या उदाहरणाला लावू. परफॉर्मन्स काढताना प्रतिस्पर्ध्यांच्या मानांकनाची सरासरी घ्यायची आणि मिळवलेल्या टक्केवारीप्रमाणे फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) कोष्टकातला आकडा त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा. 50 टक्क्यांना तो शून्य, 60 ला 72, 75 ला 193, 90 ला 366. समजा पहिल्या पटावरच्या माणसासमोर आलेल्यांची सरासरी 2650 होती. आठात चार म्हणजे 50 टक्के, परफॉर्मन्स 2650. आठव्या पटावर समोरच्यांची सरासरी 2400 धरू. आठात सहा म्हणजे 75 टक्के, परफॉर्मन्स 2593. दोन गुण कमी करूनही पहिल्या पटावरचा माणूस 57 अंकांनी सरस खेळला. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्ष तक्त्यांतही वरच्या आणि खालच्या पटांत असं अंतर सर्रास दिसतं.

आणि तरीही पहिल्या पटाची सगळी किंमत परफॉर्मन्समध्ये मावत नाही. संघाने तो माणूस घेतला नसता तर दुसऱ्या पटाचा खेळाडू पहिल्यावर सरकला असता, तिसऱ्याचा दुसऱ्यावर, आणि असं करत आठव्या पटाचा सातव्यावर गेला असता. प्रत्येकाला एकेक पायरी अवघड प्रतिस्पर्धी मिळाला असता. आठव्या पटावरच्या त्या सहा गुणांमध्ये पहिल्या पटावरच्या माणसाचाही वाटा आहे, हे तक्ता सांगत नाही.

बुडापेस्टच्याच महिला संघात हे फार स्पष्ट दिसलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर 11 डावांत 9.5 गुण केले, वंतिका अगरवालने चौथ्या पटावर 9 डावांत 7.5, दोघींना वैयक्तिक सुवर्ण. पहिल्या पटावर द्रोणावल्ली हारिकाचे गुण निम्म्याच्याही खाली राहिले आणि त्या काळात लोकांनी तिच्याबद्दल नाही नाही ते लिहिलं. ते वाचून मला मनापासून वाईट वाटलं होतं. समोर रोज त्या देशाची सर्वांत बलाढ्य खेळाडू, मागे दिव्या आणि वंतिका गुण जमवत आहेत, आणि ही पहिला पट अंगावर घेऊन उभी. शेवटच्या फेरीत अझरबैजानविरुद्ध संघाला सुवर्णासाठी विजय हवा होता तेव्हा हारिकाने आपला डाव जिंकला, दिव्या आणि वंतिकाही जिंकल्या, वैशालीने बरोबरी केली, 3.5–0.5. कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. हा पटक्रम त्यांनी विचारपूर्वक ठरवला, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

दुसरा प्रश्न, माणसं का बदलतात. ऑलिंपियाडला चार पट आणि एक राखीव. आपल्याकडची राष्ट्रीय सांघिक स्पर्धा, जिथे पेट्रोलियम बोर्ड, रेल्वे, एअर इंडिया यांचे संघ वर्षानुवर्षं वर राहिले, तीही चार पटांचीच. बुंडेसलीगाची रचना वेगळी आहे. 16 संघ, प्रत्येक लढतीत आठ पट, पूर्ण हंगामात 15 फेऱ्या, आणि त्या महिनोन्‌महिने शनिवार-रविवारी पसरलेल्या. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघ आठपेक्षा बऱ्याच जास्त नावांची यादी क्रमवार देतो. तो क्रम हंगामभर पक्का. त्या त्या दिवशी यादीतले जे आठ हजर, ते त्याच क्रमाने पहिल्या पटापासून खाली बसतात. यादीत बारावा असलेला खेळाडू वरचे चार जण आले नाहीत तर आठव्या पटावर दिसतो, सहा आले नाहीत तर सहाव्यावर. म्हणून एकाच माणसापुढे कधी 6, कधी 7, कधी 8 असे पट लिहिलेले दिसतात. त्यात कर्णधाराची लहर काही नसते.

वरचे खेळाडू का येत नाहीत, तर त्यांची इतर स्पर्धांची वेळापत्रकं आडवी येतात. युरोपात एकच ग्रँडमास्टर जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्पेन अशा वेगवेगळ्या देशांच्या लीगमध्ये वेगवेगळ्या संघांकडून खेळतो, ते नियमात बसतं. संघ पैसे मोजून त्याला मोजक्या शनिवार-रविवारांसाठी बोलावतो, आणि साहजिकच ते दिवस निवडतो ज्यात तगडे प्रतिस्पर्धी आहेत. विश्वनाथन आनंद बाडेन-बाडेनकडून खेळत असतानाही तो प्रत्येक फेरीला पटावर नसायचा. त्या क्लबने 2006 ते 2015 अशी सलग दहा विजेतेपदं मिळवली ती आनंदसारख्या नावांमुळे, हे खरं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की आनंद नसलेल्या दिवशी जो आत यायचा तोही दुसऱ्या कुठल्याही संघात वरच्या पटावर बसला असता. 2016 मध्ये सोलिंगेन या क्लबने ती मालिका तोडली.

यावरून तक्ता वाचण्याचा एक साधा नियम निघतो: गुणांच्या आधी डावांची संख्या पाहा. चारपैकी चार गुण छान दिसतात, पण चार डावांवर कुणाबद्दल मत बनवू नये. शंभर टक्के गुणांना फिडेच्या कोष्टकात 800 मिळवायचे असतात, त्यामुळे अशा खेळाडूपुढे परफॉर्मन्सचा जो राक्षसी आकडा येतो त्याला अर्थ नाही. उलट पंधरापैकी चौदा-पंधरा डाव खेळून 50–55 टक्क्यांवर राहिलेला मधल्या पटाचा माणूस हा संघाचा कणा असतो. कर्णधार म्हणून मला असे दोन खेळाडू मिळाले तर पाहुणा ग्रँडमास्टर नसला तरी चालेल.

रंगाचाही विचार करा. सांघिक लढतीत मोहऱ्यांचा रंग पटाच्या क्रमांकावर ठरतो, एका संघाला विषम पटांवर पांढरी तर दुसऱ्याला सम पटांवर. आता वरचा एक माणूस ऐनवेळी आला नाही तर त्याच्या खालचे सगळे एकेक पट वर सरकतात आणि प्रत्येकाचा रंग उलटतो. पांढऱ्यांनी अमुक माणसाविरुद्ध तयारी करून आलेली मुलगी काळ्यांनी तमुकसमोर बसते. संघ जाहीर करण्याची वेळही ठिकठिकाणी वेगळी. ऑलिंपियाडला जोड्या काही तास आधी कळतात आणि तयारीला वेळ मिळतो, तर कित्येक लीगांत समोर कोण हे पटावर बसायच्या सुमारासच कळतं. एखाद्या हंगामात कुणाच्या वाट्याला नऊपैकी सहा वेळा काळी आली असतील तर त्याचे गुण वाचताना तेवढी सूट द्या. रंगाचा हा प्रश्न ग्लोबल चेस लीगने अगदीच वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथे एका लढतीत अख्खा संघ एकाच रंगाने खेळतो आणि काळ्यांनी जिंकलं तर चार गुण, पांढऱ्यांनी जिंकलं तर तीन. त्यामुळे तिथल्या खेळाडूंचे गुण बुंडेसलीगाच्या गुणांशेजारी ठेवून तुलना करूच नये. ती लीग जलद डावांची आहे, हे आणखी वेगळं.

आता जी गोष्ट तक्त्यात कधीच दिसत नाही तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वैयक्तिक गुणांचा अर्थ सर्वांत जास्त तिथे बदलतो. बहुतेक लीगांत आधी सांघिक गुण मोजतात: लढत जिंकली तर दोन, बरोबरीत एक. आठ पटांच्या लढतीत 4.5 झाले की दोन गुण आले, मग ते 4.5–3.5 असो की 8–0. पटांवरच्या गुणांची बेरीज नंतर बघतात. बुंडेसलीगात तर 2018 साली बाडेन-बाडेन आणि सोलिंगेन सांघिक गुणांत बरोबरीत आले तेव्हा विजेता ठरवायला पुन्हा स्वतंत्र लढत खेळवली गेली.

म्हणजे असं चित्र डोळ्यांपुढे आणा. सात डाव संपले आहेत, आपण 4–3 ने पुढे. शेवटचा डाव तुमच्या मुलीचा. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट, तिचं एक प्यादं जास्त, पण घड्याळात दोनच मिनिटं. प्रतिस्पर्धी बरोबरी देऊ करतो. ती मान वळवून कर्णधाराकडे बघते. फिडेच्या नियमांनुसार कर्णधार डावाबद्दल एक अक्षर बोलू शकत नाही. मात्र ‘बरोबरी घे’, ‘बरोबरी देऊ कर’ किंवा ‘डाव सोड’ एवढंच सांगण्याची मुभा त्याला असते. कर्णधार म्हणतो, घे. ती घेते. संघ 4.5–3.5 ने जिंकतो, तिच्या नावापुढे मात्र जिंकण्यासारख्या डावात अर्धा गुण. उलट लढत 3–4 अशी मागे असेल तर त्याच डावात, त्याच घड्याळावर तिला बरोबरी नाकारून जोखीम घ्यावी लागते, आणि एखाद्या दिवशी ती हरते. हंगामात असे तीन-चार प्रसंग आले की 6 चे 4.5 व्हायला वेळ लागत नाही. जिने संघासाठी हे केलं तिला हंगामाच्या शेवटी तक्ता दाखवून ‘यंदा तुझे गुण कमी’ असं म्हणणारे पदाधिकारी मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्याशी भांडलो आहे.

बुडापेस्टची दहावी फेरी या दृष्टीने पुन्हा बघा. अमेरिकेविरुद्ध प्रज्ञानंद वेस्ली सोकडून हरला. संपूर्ण स्पर्धेत भारताच्या खुल्या संघाने हरलेला हा एकमेव डाव. 44 डावांत 27 विजय, 16 बरोबऱ्या, 1 हार. पण गुकेशने कारुआनाला हरवलं, अर्जुन जिंकला, विदितने अरोनियनशी बरोबरी केली आणि लढत 2.5–1.5 ने आपली. विदितचा तो अर्धा गुण तक्त्यात इतर अर्ध्या गुणांसारखाच दिसतो; सुवर्णाच्या हिशेबात त्याचं वजन फार मोठं होतं. सातव्या फेरीत चीनने डिंग लिरेनला विश्रांती दिली, म्हणून गुकेशसमोर वेई यी आला. इतर तीन डाव बरोबरीत सुटले, गुकेशने आपला दीर्घ डाव ओढून जिंकला आणि लढत मिळवली. डिंगसारख्या त्या वेळच्या विश्वविजेत्याला अशा लढतीत बाहेर बसवणं हा कर्णधाराचा निर्णय असतो आणि त्यावरून नंतर वर्षानुवर्षं चर्चा होते. हरिकृष्ण त्या स्पर्धेत तीनच डाव खेळला. एवढं मोठं नाव बहुतेक दिवस बाकावर बसून राहिलं आणि संघाला त्याची तक्रार एकदाही ऐकू आली नाही; असा राखीव खेळाडू मिळणं हे भाग्य आहे.

इंग्लंडच्या फोर एनसीएलसारख्या लीगमध्ये आणखी एक गोष्ट येते. 1993 पासून चाललेल्या या लीगच्या पहिल्या विभागात आठांत किमान एक स्त्री खेळाडू असावीच लागते. त्यामुळे मुलींसाठी अशा लीगमधली जागा फार मोलाची, आणि परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलींनी ती जरूर शोधावी. जर्मनीत मुलींना खुल्या लीगशिवाय सहा पटांची वेगळी महिला बुंडेसलीगाही आहे.

तुमच्या मुलीचं पान चेस-रिझल्ट्स या स्पर्धांचे निकाल देणाऱ्या संकेतस्थळावर उघडाल तेव्हा एवढं बघा. तिच्या नावाखाली फेरीवार प्रतिस्पर्धी, त्यांचं मानांकन, रंग आणि पट असतो. आधी प्रतिस्पर्ध्यांच्या मानांकनाची सरासरी बघा, मग अपेक्षित गुण काढा. समोरचा 100 अंकांनी कमी असेल तर दर डावाला 0.64 गुण अपेक्षित असतात, 50 ने जास्त असेल तर 0.43. अपेक्षेपेक्षा जेवढं जास्त मिळवलं त्याला तिच्या के-गुणकाने (मानांकन किती वेगाने बदलेल ते ठरवणाऱ्या आकड्याने) गुणा; तेवढी मानांकनात भर. 18 वर्षांखालच्या आणि 2300 च्या खालच्या खेळाडूला हा गुणक 40 असतो, 2400 ओलांडलेल्याला 10. म्हणजे तिसऱ्या पटावरचा एक चांगला हंगाम तुमच्या मुलीचं मानांकन झपाट्याने वर नेऊ शकतो, आणि कच्च्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सहापैकी पाच गुणही कधी कधी मानांकन तिथल्या तिथेच ठेवतात. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून मिळालेला पूर्ण गुण संघाच्या खात्यात जातो, पण न खेळलेला डाव मानांकनाच्या हिशेबात धरत नाहीत. ती ओळ वगळूनच बेरीज करा.

नॉर्मचा, म्हणजे किताबासाठी लागणाऱ्या ठराविक कामगिरीचा, विचार असेल तर आंतरराष्ट्रीय मास्टरसाठी 2450 चा परफॉर्मन्स आणि ग्रँडमास्टरसाठी 2600 चा, तोही साधारणपणे किमान नऊ डावांत लागतो, शिवाय प्रतिस्पर्ध्यांत किताबधारक किती याच्या अटी आहेत. खालच्या पटांवर ग्रँडमास्टर समोर येत नाहीत, तेव्हा नॉर्मच्या मागे असलेल्या खेळाडूला कर्णधाराने हंगामाआधीच क्रमवारीत थोडं वर घ्यावं लागतं. यादी एकदा दिली की नंतर ते करता येत नाही. म्हणून हे बोलणं कर्णधाराशी पुढच्या हंगामाची यादी जाण्यापूर्वी करा, मुलीला सोबत घेऊन करा, आणि तिला स्वतःला कुठल्या पटावर बसायचं आहे ते तिलाच सांगू द्या.